पोस्टमनच्या फुलाचं नाव

जानेवारीचा शेवटचा बुधवार होता. सकाळी साडेदहाला हेस्टर पार्जिटरच्या दारात एक पार्सल आलं. आत ओलं शेवाळ, शेवाळात पानाफुलासकट गुंडाळलेला स्नोड्रॉपचा, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या इवल्या पांढऱ्या फुलाचा, एकच कंद, आणि सोबत छापील पट्टी: 'लव्हिनिया लिडियर्ड'.

ती कंद घेऊन खिडकीशी गेली. फुलाची हनुवटी बोटाने वर केली. आतल्या पाकळीवर हिरवी खूण होती, पाकिटाच्या उघड्या झाकणासारखी, टोक वर असलेली. ही खूण एकाच फुलावर होती, आणि ते फूल तिच्या नवऱ्याला सापडलं होतं.

पट्टी तिने चुलीत टाकली. कंद मात्र बागेतल्या पाण्याच्या पंपापाशी नीट लावला. कंदाचा काय दोष? मग हात धुतले, चहा केला, आणि चहा पिता पिता ऑब्री लिडियर्डवर डूख धरला. तोवर तिने आयुष्यात कुणावर डूख धरलेला नव्हता. पण जमलं तिला.

तिचा नवरा विल्फ श्रॉपशरमधल्या हॅझलकोटचा आणि आजूबाजूच्या सहा गावांचा पोस्टमन. एकतीस वर्षं सायकलवर. त्या भागात थंडी सरत आली की बरीच माणसं गुडघ्यांवर दिसतात, आणि ती काही प्रार्थनेसाठी नव्हे. हातात भिंग, गुडघ्याखाली पोतं, आणि कुणाच्या पाकळीवर ठिपका कुठे आहे यावरून दोन-दोन तास वाद. विल्फ त्यांच्यातलाच. टपाल टाकता टाकता तो कुंपणांखाली नजर टाकत जाई. जुन्या गिरणीमागच्या ओढ्याकाठी त्याला हे फूल दिसलं तेव्हा त्या दिवशीची पत्रं दोन तास उशिरा पोचली, आणि नोकरीत पहिल्यांदाच त्याच्याविरुद्ध तक्रार गेली.

या मंडळींचा एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतो. दुर्मीळ फूल एकाच बागेत ठेवायचं नाही. एक तरी कंद मित्राच्या हवाली करायचा. आपला मेला, तर मित्राने त्याच्याकडचा परत द्यायचा. आणि नाव ठेवण्याचा हक्क, ज्याला सापडलं त्याचा.

विल्फने कंद दिला तो ऑब्री लिडियर्डला. मोठ्या घराचा मालक, बागेत चारशे जाती, दर फेब्रुवारीत त्याच्याकडे स्नोड्रॉपवाल्यांचं जेवण. पोस्टमनला अशा घरात मागच्या दाराने जायची सवय. त्या दिवशी मात्र लिडियर्डने त्याला पुढच्या दाराने आत घेतलं.

"मिस्टर लिडियर्ड, जपून ठेवा. नाव अजून ठेवलेलं नाही."

"तुझंच नाव लागणार त्याला, विल्फ. बघच तू."

"छे हो. पत्रं टाकणाऱ्याचं नाव फुलाला कोण लावतं?" असं विल्फ म्हणाला खरा, पण त्याचे कान लाल झाले होते. हेस्टर शेजारीच उभी होती. तिने पाहिले होते ते कान.

त्याच वर्षी ऑक्टोबरात विल्फ गेला. पुढच्या हिवाळ्यात कंदमाशीच्या अळीने तिच्याकडचे सगळे कंद आतून पोखरून काढले. ती लिडियर्डकडे गेली.

"अजून फुटवा नाही गं, हेस्टर. एकुलता एक आहे. आला की पहिला तुला."

दुसऱ्या वर्षी हेच. तिसऱ्या वर्षी हेच. चौथ्या वर्षी ती विचारायलाच गेली नाही. आणि पाचव्या वर्षी त्याच्याकडून हे पार्सल. नाव स्नोड्रॉपवाल्यांच्या मंडळाच्या पत्रिकेत छापूनही झालं होतं. छापलेलं नाव बदलणं म्हणजे कबरीवरची अक्षरं बदलण्याइतकंच अवघड.

"लव्हिनिया म्हणजे त्याची आई," शेजारची डिलिस प्रॉबर्ट म्हणाली. ती स्वतः साठेक जाती लावायची आणि जिभेला तिच्या हाड नव्हतं. "त्या बाईला स्नोड्रॉप आणि कांद्याची पात यातला फरक कळत नव्हता. एकदा तिने स्नोड्रॉपची पानं पात म्हणून सॅलडमध्ये घातली होती. कुत्रा आजारी पडला."

"तू पत्रिकेला लिही ना, डिलिस. तुला ठाऊक आहे कुणाला सापडलं ते."

डिलिसने कपातला चहा ढवळला. "लिहिलं असतं गं. पण पुढच्या फेब्रुवारीत जेवणाचं बोलावणं येणार नाही."

 हेस्टरने तेही मनात ठेवलं.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये पंचायतीचा माणूस गल्लीच्या कडेने गवत मारायचं औषध फवारून गेला. पुढच्या जानेवारीत त्याच कडेचे साधे स्नोड्रॉप उगवले ते भलतेच रूप घेऊन. पाकळ्या सुईसारख्या अरुंद, पिळलेल्या, सहाही सारख्या लांबीच्या आणि टोकांना हिरव्या. पाहणाऱ्याचा श्वास अडकावा असं फूल. हेस्टरला मात्र हसू आलं. वीस वर्षांपूर्वी विल्फ अशाच एका फुलाला भुलला होता. धावत घरी आला, भिजलेल्या बुटांनी थेट स्वयंपाकघरात, आणि 'हेस्टरची रात्रीची टोपी' असं नावही ठेवून मोकळा झाला. पुढच्या वर्षी टोपी गेली आणि साधं फूल आलं. औषधाचा असर एका हंगामापुरताच. ते दोघं त्यावरून कितीतरी हिवाळे हसत होते.

हसून झाल्यावर ती विचार करत बसली. मग फावडं घेतलं आणि त्यातला एक झुबका उचलून पंपाशेजारी, येण्याजाण्याच्या वाटेवर लावला. पट्टी लावली नाही. खोटं एक अक्षर बोलायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. लिडियर्डसाठी खरं बोलणंच पुरेसं होतं.

चर्चच्या छपरासाठी वर्गणी म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी गावातल्या बागा उघड्या ठेवत. लिडियर्ड तिच्या बागेत दरवर्षी पाच मिनिटं येऊन जाई. त्या रविवारी तो पंपापाशी थांबला आणि त्याने खिशातून भिंग काढलं.

"हेस्टर, हे काय आहे?"

"काही नाही हो. गवताचं औषध लागलंय त्याला. पुढच्या वर्षी साधंच येईल."

तो हसला. "विल्फसारखीच आहेस. तोही चांगलं काही सापडलं की आधी नाहीच म्हणायचा."

"खरंच सांगते, मिस्टर लिडियर्ड. गल्लीतलं आहे ते."

"असू दे गल्लीतलं. एक कंद दे मला."

"देण्यासारखं नाही ते. नको."

"दोन जाती देतो बदल्यात. तू निवड."

"नाही."

तो गुडघे झटकत उठला. त्याच्या कपाळावरची शीर तिला दिसली. नकार ऐकायची त्याला सवय नव्हती, आणि पोस्टमनच्या बायकोकडून तर नव्हतीच.

मंगळवारी ती पायाच्या डॉक्टरकडे लडलो शहरात गेली. हे त्यालाही ठाऊक होतं. महिन्याचा दुसरा मंगळवार, दहाची बस, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. परत आली तेव्हा पंपाशेजारचा झुबका नव्हता. खड्डा नीट बुजवलेला, वर पानांचं खत पसरलेलं, आणि एकच कंद मागे ठेवलेला. फुलं चोरणाऱ्यांतही सभ्य माणसं असतात. ती एक मागे ठेवतात.

तिने तो कंद कुंडीत लावला आणि वर्षभर थांबली.

डिसेंबरात लिडियर्डकडच्या जेवणाच्या निमंत्रणाचं कार्ड आलं. त्यावर पिळलेल्या पाकळ्यांच्या त्या फुलाचा फोटो आणि खाली नाव: 'लिडियर्डचा मुकुट'. प्रथम दर्शन, शनिवार, चौदा फेब्रुवारी, दुपारी साडेबारा. हॉलंडहून फान डोर्न नावाचा मोठा कंदवालाही येणार होता. हेस्टरने कार्ड चुलीवरच्या फळीवर, विल्फच्या फोटोला टेकवून ठेवलं.

त्या वर्षी तीन आठवडे कडक थंडी पडली. स्नोड्रॉपच्या कळ्या आल्या, पण उघडल्या नाहीत. ऊब लागल्याशिवाय ते फूल उघडत नाही. लिडियर्डने मुकुटाचं भांडं काचघरातून आणून जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं तेव्हा पाचही कळ्या मिटलेल्या होत्या. आणि सुईसारख्या नव्हे, गोल होत्या. हेस्टर विल्फचा टपालाचा जुना कोट घालून आली होती. तिने पाहिलं, लिडियर्ड पाहुण्यांशी बोलता बोलता पुन्हा पुन्हा त्या गोल कळ्यांकडे बघत होता. त्याला शंका आली असावी. पण तीस माणसं येऊन बसली होती.

शेकोटी जोरात पेटलेली. वाटाण्याचं सूप आलं. हॅम यायच्या आधीच डिलिस म्हणाली, "उघडतंय."

सगळे चमचे थांबले. बाहेरच्या तीन पाकळ्या सावकाश पसरल्या, गुबगुबीत. आत तीन आखूड, प्रत्येकीवर एक हिरवी टिकली. हॅझलकोटच्या प्रत्येक कुंपणाखाली असतो, तसाच स्नोड्रॉप.

फान डोर्नने भिंग लावलं, मग मिटून खिशात ठेवलं. "मिस्टर लिडियर्ड, माझ्या आजीच्या कबरीवर हा पुष्कळ आहे."

कुणीतरी नाकातल्या नाकात हसलं.

"भांडं बदललेलं दिसतंय," लिडियर्ड म्हणाला. "कुणीतरी चुकीचं..."

"भांडं बरोबर आहे." हेस्टरने टोपलीतून आपली कुंडी काढून शेजारी ठेवली. तेच फूल, तशीच टिकली. "माझंही यंदा असंच आलं. औषधाचा असर होता तो. गेल्या वर्षी पंपापाशी मी सांगितलं होतं तुम्हाला."

"म्हणजे तू दिलंस यांना?" डिलिसने विचारलं.

"नाही. मी नाही म्हणाले होते. एका मंगळवारी गेलं ते."

 त्या मंडळींत बायको पळवणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा जेवायला बोलावतात. कंद उचलणाऱ्याच्या घरी कुणी जेवत नाही. फान डोर्नने सुपाची बशी हळूच दूर सारली.

"हेस्टर," लिडियर्ड खालच्या आवाजात म्हणाला, "हे आपण नंतर बोलू."

"नंतर, नंतर करत सहा वर्षं गेली. दुसऱ्या फुलाचंही आत्ताच बोलू. पाकिटाच्या खुणेचं. ते कुणाला सापडलं हे इथल्या निदान सहा जणांना ठाऊक आहे, आणि सहाही जण तुमचं सूप पीत गप्प बसलेत."

डिलिसने मान खाली घातली. हेस्टरने टोपलीतून पांढरी कोरी पट्टी आणि विल्फची बोटभर उरलेली पेन्सिल काढून त्याच्यासमोर ठेवली. आयुष्यभर ती त्याला मिस्टर लिडियर्ड म्हणत आली होती.

"लिही, ऑब्री."

त्याने दाराकडे पाहिलं. मग तीस चेहऱ्यांकडे पाहिलं. मग लिहिलं, 'विल्फ पार्जिटर'. अक्षर सुरेख होतं त्याचं.

"आता फावडं."

चांगल्या बुटांनी तो बागेत गेला. जमीन दगडासारखी, किटलीभर गरम पाणी ओतून मग खणावी लागली. खिडकीतून सगळे बघत होते. पाकिटाच्या खुणेचे बारा कंद निघाले. त्याने ते वर्तमानपत्रात गुंडाळले.

"सगळे नकोत," हेस्टर म्हणाली. "एक तुला ठेव. सभ्य माणसं एक मागे ठेवतात."

अकरा कंद घेऊन ती पायी घरी आली. पंपापाशी आधीचा एक होता, त्याच्याभोवती ते लावले आणि मधोमध ती पट्टी रोवली. पत्रिकेत अजून लव्हिनियाच आहे. पण फाटकात येणारे लोक विल्फ कुठे म्हणून विचारतात. पुढच्या वर्षी लिडियर्डने कार्डं पाठवली तेव्हा दोघंच जेवायला गेली, आणि त्यातला एक पाद्री होता. त्या शनिवारी हेस्टरने केक केला आणि डिलिसला बोलावलं नाही.

पेन्सिलीची अक्षरं पावसाने पुसट होतात. दर जानेवारीत हेस्टर पट्टी उपटते, माती झटकते, लिडियर्डच्या नावाच्या पाकिटात घालते, सोबत आपला पत्ता आणि तिकीट लावलेलं दुसरं पाकीट. चिठ्ठीत एकच ओळ: 'पुसट झालंय, पुन्हा लिहून पाठव.' आठवड्याच्या आत, विल्फच्या जागी आलेला पोस्टमन ते दुसरं पाकीट तिच्या दारात आणून टाकतो, आत त्याच सुरेख अक्षरात लिहिलेली पट्टी.

एखाद्या वर्षी पाऊस कमी पडला, तर राहिलेली अक्षरं ती अंगठ्याने पुसते.