पॉलिहाऊसबाहेरचे लालासाहेब

आमचे बांधशेजारी लालासाहेब यांना त्यांच्याच रानातल्या पॉलिहाऊसमध्ये पाय ठेवायला बंदी होती, आणि ती घातली होती त्यांच्याच सुनेनं. रहिमतपूर भागात लालासाहेबांचा दरारा मोठा. ते ओरडले की बांधावरचे बैलसुद्धा बुजतात. अशा माणसाचं सुनेपुढं काही चालत नाही हे बघून आम्हा शेजाऱ्यांना फार बरं वाटायचं, आणि ते लपवायला मला तरी कधी जमलं नाही.

कारण तंबाखू. सून राजेश्वरी ढोबळी मिरचीची रोपं करून विकते. नवरा फौजेत, त्यामुळं रोपवाटिका तिची आणि हुकूमही तिचाच. तंबाखू मळलेला हात मिरचीच्या कोवळ्या रोपाला लागला तर रोपाला रोग लागतो, असं ती कुठल्याशा प्रशिक्षणात शिकून आली. आल्या आल्या तिनं सासऱ्याला सांगितलं, "मामा, तंबाखू खाणाऱ्यानं आत यायचं न्हाई." आता आमच्या गावात तंबाखू न खाणारा पुरुष हवा असेल तर पाळण्यातच शोधावा लागतो.

लालासाहेबांना रोपांचं काही पडलेलं नव्हतं. पण त्यांची बायको रंगूबाई दिवसभर आत रोपं निवडत बसायची आणि हे बाहेर. आत गॅसवरचा हिटर, बाहेर हे घोंगडं पांघरून प्लॅस्टिकच्या भिंतीला कान लावून.

"आगं, च्या पिलीस का?"

"व्हय."

"कवा?"

"तुमी इचारायच्या आधी."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हा माणूस बायकोशेजारी बसून बोलताना कुणी पाहिला नव्हता. ती समोर होती तोवर गरज पडली नसावी. ती प्लॅस्टिकपलीकडं गेली आणि ह्यांना करमेना. मी विचारलं तर म्हणाले, "हिटरवर ध्यान ठेवतोय." हिटर दुसऱ्या टोकाला होता.

संक्रांतीनंतर एका सकाळी त्यांनी तंबाखूची चंची विहिरीत फेकली. ते पाणी आम्ही पुढं बरेच दिवस जपूनच प्यायलो. मग त्यांचे हाल सुरू झाले. बडीशेप चघळून झाली, गहू चघळून झाले. बोलता बोलता ते रिकाम्या तळहातावर अंगठा घासायचे, दुसऱ्या हातानं थापटायचे आणि रिकामी चिमूट ओठाखाली सरकवायचे. काही नसलेलं थुंकायलाही उठायचे.

रंगूबाईला वेगळाच राग. "माज्या सांगण्यानं जल्मात सुटली न्हाई," ती माझ्या बायकोला म्हणाली, "आन मिरचीसाठी सुटली." मिरचीसाठी सुटली नव्हती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. तिला सांगणार कोण?

राजेश्वरी मात्र पाघळली नाही. "मामा, अजून थोडं दिस. मग बगू."

माघ संपत आला आणि जाता जाता थंडी उलटली. रात्री कडाका पडणार असं मोबाईलवर आलं. बाहेरच्या शेडनेटमधली सगळी रोपं अंधार पडायच्या आत उबेला न्यायची होती, म्हणून राजेश्वरीनं अख्खी वस्ती बोलावली. दारात दुधाची बादली. दुधानं म्हणे तंबाखूची बाधा जाते. आम्ही सगळ्यांनी हात बुडवले. धुळा नावाच्या गड्यानं बुडवले आणि सवयीनं बोटं चाटली, म्हणून त्याला परत बुडवायला लावलं. तरीही आम्ही ट्रे फक्त दारापर्यंत आणायचे. आत घेऊन लावायचे ते तंबाखू न खाणाऱ्यानंच.

लालासाहेबांनी हात पुढं केले. राजेश्वरीनं वास घेतला, उलटून पालटून बघितले. "मामा, या आत."

ते आत गेले आणि लगेच दारात आले. आता त्यांना अधिकार चढला होता. येणाऱ्या प्रत्येकाचा हात हुंगायला लागले, आमचे दुधाचे हातसुद्धा. लोक हसत होते, त्यामुळं ते आणखी रंगात आले. रंगूबाई ट्रे न्यायला दाराशी आली, तर तिलाही अडवलं.

"तूबी दाखीव बोट."

तिनं हात पदराआड नेला. त्यांनी धरून ओढला, हुंगला आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलून बसले, "मिश्री. मिश्री म्हंजे तंबाखूच की."

खरंच होतं. भाजून कुटलेली तंबाखू ती रोज सकाळी दाताला घासते. आमच्याकडच्या निम्म्या बायका घासतात, आणि तिला तंबाखू म्हणायचं तोवर कुणाला सुचलं नव्हतं. त्याच हातानं इतके दिवस निवडलेली रोपं आत टवटवीत उभी होती. पण दुधानं हात धुतलेले आम्ही सगळे राजेश्वरीकडं बघायला लागलो, आणि त्यात मीही होतो.

"आत्या," ती खाली बघत म्हणाली, "तुमी भाईर थांबा."

रंगूबाई बाहेर आली. प्लॅस्टिकच्या भिंतीला टेकून बसली. लालासाहेब आत राहिले, जिथं जाण्यासाठी जीव टाकला होता तिथं. मी ट्रे देत होतो, ते घेत होते, पण ठेवायचं विसरत होते. मला त्यांची फार कीव आली.

"आगं," त्यांनी आतून विचारलं, "गार लागतंय का?"

"न्हाई," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते.

त्यांनी हातातला ट्रे सुनेकडं दिला आणि बाहेर पडले.

"मामा, आवं, आता तर तुमाला सोडलंय आत."

"आत लय उकडतंय," लालासाहेब म्हणाले. माझी बोटं गारठून वाकत नव्हती.

ते जाऊन बायकोसमोर उभे राहिले. तिनं वर बघितलं नाही.

"माजी मिश्री सुटायची न्हाई," ती म्हणाली. "आदीच सांगती."

"मी कुटं सोड म्हणलं," लालासाहेब म्हणाले. "सरक जरा."