दोन्ही सारखंच

चष्म्याच्या दुकानात तिला सगळे नंबरबाई म्हणत. नावाने हाक मारणारं माणूस त्या रस्त्यावर उरलंच नव्हतं आणि तिची त्याबद्दल तक्रारही नव्हती. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, भिंतीवरच्या उजळ अक्षरांसमोर गिऱ्हाइकाला बसवून ती दिवसभर नंबर काढायची. चाचणीची ती जड, गोल फ्रेम समोरच्याच्या नाकावर चढवायची, पेटीतली एकेक काच तिच्यात सरकवायची आणि विचारायची, "आता स्पष्ट, की आधी?" काच बदलायची, पुन्हा तेच. हा प्रश्न तिच्या तोंडात इतका बसला होता की एकदा कोबीचे दोन गड्डे हातात धरून तिने भाजीवाल्यालाच तो विचारला. त्याने दोन्ही गड्डे तिच्या पिशवीत टाकले.

काम शिकवताना दुकानाच्या मालकांनी तिला एक गोष्ट बजावली होती. गिऱ्हाईक 'दोन्ही सारखंच' म्हणालं की हात थांबवायचा. सारखंच हे उत्तर आहे, नंबर मिळाला. त्यापुढेही विचारत बसलीस तर बिचारं माणूस तुझं समाधान करायला काहीतरी ठोकून देईल, आणि तू चुकीचा चष्मा त्याच्या गळ्यात मारशील. इतक्या वर्षांत ती हे एकदाही विसरली नव्हती. निदान दुकानात तरी.

दुकानाबाहेर लिफ्टवाला होता. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा, हाताला कायम वंगणाचा वास असलेला, बोलायला गोड माणूस. त्याच्याशी तिचं चार वर्षं होतं, आणि मग नव्हतं. लग्नाचं विचारल्यावर, ते आपल्याच्याने व्हायचं नाही, असं तो म्हणाला होता, आणि 'मग झालं तर' म्हणून तिनेही विषय मिटवला होता. गोष्ट तिथेच संपली असती तर सांगण्यासारखं काही नव्हतं. पण काही महिन्यांनी तो पुन्हा यायला लागला. संध्याकाळी यायचा, चहा घ्यायचा, नळ गळत असला तर वॉशर बदलायचा, तिच्या गिऱ्हाइकांचे किस्से मन लावून ऐकायचा आणि निघताना दारात असा रेंगाळायचा की आता हा काहीतरी बोलणार असं वाटावं. बोलायचा नाही. शेवटी तीच विचारायची, आपलं पुढे काय? तो तिच्याकडे मायेने पाहायचा आणि म्हणायचा, "बघू."

तो 'नाही' म्हणाला असता तर ती रडून मोकळी झाली असती. एकदा झालीही होती. पण 'बघू'वर रडता येत नाही. तो तिला आवडत होता, अजूनही आवडत होता, आणि हे घोंगडं दोन वर्षं भिजत पडलं होतं. कधी ती रागावली, अबोला धरला, की तो हमखास काहीतरी बरं बोलायचा. पुढच्या वर्षी हाताशी जरा काम वाढलं की, मोठी जागा मिळाली की. त्या बोलण्यावर तिचे दोन-तीन महिने छान जायचे. तिच्या मावशीने हे सगळं लांबून पाहिलं होतं आणि एवढंच म्हटलं होतं, की वर-खाली करायची सवय त्याला धंद्यातूनच लागली असावी.

मावशी म्हणजे आईच्या माघारी तिला वाढवणारी बाई. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. गुडघे धरले तसं तिचं खाली उतरणंच बंद झालं. कुणाकडे काही मागायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. तरी एकदा फोनवर, इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर, तिने विचारलंच, "तुझी आतली खोली रिकामीच असते ना गं?"

आतली खोली रिकामी होती आणि नव्हती. तिथे लिफ्टवाल्याची व्यायामाची सायकल होती, हत्यारांचे दोन डबे होते, आणि त्याची एक घडीची खाट भिंतीला टेकून उभी होती. ती खोली त्याची नव्हती, पण त्याच्यासाठी होती. नंबरबाई दर रविवारी ती झाडून-पुसून घ्यायची आणि सायकलीच्या दांड्यावर टॉवेल वाळत घालायची. मावशी तिथे राहायला आली म्हणजे तो कधी येऊन राहणार, ही आशाच मिटली. म्हणून ती फोनवर पटकन म्हणाली, "बघू, मावशी." मावशी 'बरं' म्हणाली आणि उकाड्याबद्दल बोलायला लागली.

त्यानंतर एका दुपारी लिफ्टवाला दुकानात आला. लिफ्टच्या पेटीवरची बारीक अक्षरं दिसेनाशी झाली होती, हात लांब करून करून वाचावं लागत होतं. मालक हसून म्हणाले, चाळिशी लागली, चालायचंच. मग ते गल्ल्याकडे वळले, आणि ती त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली.

तिने त्याला खुर्चीत बसवलं, नाकावर फ्रेम चढवली, हातात वाचायचा कागद दिला. त्या फ्रेममध्ये भले भले लोक बावळट दिसतात. तोही दिसत होता, आणि तिला त्याची फार माया आली. प्रत्येक काचेला तो अडखळत होता. पुन्हा दाखव म्हणायचा, मान तिरकी करायचा, आधीची बरी वाटते म्हणायचा, लगेच नाही नाही म्हणायचा. ती न कंटाळता काचा पालटत राहिली. एवढं तळ्यात-मळ्यात तर शाळकरी पोरंही करत नाहीत.

"आता स्पष्ट, की आधी?"

"दोन्ही सारखंच," तो म्हणाला.

तिचा हात थांबला. तिने काच काढून पेटीत तिच्या खाचेत ठेवली आणि पेटी मिटली.

"झालं?" त्याला नवल वाटलं. "मी तर काहीच सांगितलं नाही."

"सांगितलंस की," ती म्हणाली. "सारखंच म्हणालास. तेही उत्तरच असतं."

हे वाक्य ती रोज कुणाला ना कुणाला ऐकवायची. पण त्या दिवशी ते तिच्याच कानावर पडलं, आणि ती पेटीवर हात ठेवून उभी राहिली. ह्या माणसाचं उत्तर तिला केव्हाच मिळालं होतं. त्यानंतर ती नुसती विचारत बसली होती, आणि तो तिचं समाधान करायला काहीतरी सांगत होता. त्याची लबाडी होती असंही नाही, गिऱ्हाइकं कुठे लबाड असतात? मग तिला मावशीचं ते 'बरं' आठवलं, आणि स्वतःची लाज वाटली.

फ्रेम उतरवून डोळे चोळत त्याने विचारलं, संध्याकाळी येऊ ना? ती म्हणाली, "ये. सायकल आणि डबे घेऊन जायला ये. खाटही."

तो हसला. मग तिचा चेहरा पाहून हसायचा थांबला. त्याच्याकडे एवढं ठेवायला जागा कुठे होती, आणि घाई तरी कसली. मावशी राहायला येतेय, असं तिने सांगितलं. मावशीला अजून विचारलंही नव्हतं. त्यावर त्याने फ्रेम तिच्या हातात दिली, आणि आता दोघांबद्दल काही म्हणेल असं वाटत असतानाच म्हणाला, "मग आपलं... बघू."

"नाही," ती म्हणाली. "मी बघितलं."

संध्याकाळी तो एका सोबत्याचा टेम्पो घेऊन आला. सायकल दारात अडकली तेव्हा दोघांनी मिळून ती आडवी केली, त्यात त्याचं बोट चेमटलं, तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो गेल्यावर तिने आतली खोली पुसायला घेतली. सायकलीच्या पायांचे चार काळे डाग फरशीवरून काही केल्या निघेनात. ते घासता घासता तिला रडू आलं, आणि ह्या वेळी तिने ते आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन गिऱ्हाइकांच्या मधे तिने मावशीला फोन लावला. आडवळणं न घेता सांगितलं, की खोली रिकामी केली आहे, तळमजलाच आहे, तू ये.

"मी पिशव्या भरून ठेवल्या होत्या," मावशी म्हणाली. "तू बघू म्हणालीस, त्याच दिवशी परत रिकाम्या केल्या. आता पुन्हा भरते."