कानसमास्तरांच्या गाडीचे दिवे

वीज कंपनीत अडतीस वर्षं खांबावर चढून वायरमनकी केलेल्या माणसाला पोटच्या पोरीनं सांगावं, की बाबा, तुम्हाला आता नीट दिसत नाही, गाडीची किल्ली द्या? मास्तरांना ते शब्द सुईसारखे टोचत होते.

लोक त्यांना कानसमास्तर म्हणत. खिशात कायम छोटी कानस. नव्या पोरानं तार जोडली, की मास्तर आधी ती उपटायचे. "आधी खरवड, मग जोड. गंजावर नि रंगावर जोड मारलास तर वीज काय तुझी मावशी आहे, वाट काढत यायला?" एकदा साहेबाच्या डोक्यावरचा पंखा त्यांनी न विचारता खोलला होता. मेमो मिळाला, पण जोड कच्चाच निघाला.

आता घरात वेगळंच वाढून ठेवलं होतं. बायकोच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि सरकारी दवाखान्यानं तिला दिलेली वेळ पहाटे साडेपाचची. उजेडातल्या वेळा कोणाच्या वशिल्यानं वाटल्या जातात, हे विचारायला मास्तर दोनदा खिडकीवर भांडून आले. वेळ जागची हलली नाही. मग अंधारात निघणं आलंच. मंगळवारी वळणावर सायकलवरचा दूधवाला अगदी पुढ्यात आल्यावर दिसला. ब्रेक दाबला, तरी गाडी थांबली ती त्याच्या मागच्या चाकाला टेकूनच. दूध रस्त्यावर गेलं, माणूस वाचला.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली. कारखान्यात पॅकिंगला होती, पहिली पाळी.

"उद्याच्या दिवस रिक्षानं जा. शनिवारपासून आईला मी नेते."

"आणि पाळी?"

"बुडेल. काढतील तेव्हा काढतील."

"दिवे मंद झालेत गं. माझी चूक नाही."

"दिवे मंद झालेत की डोळे, बाबा?"

मास्तरांनी ताट सारलं. "शुक्रवारी संध्याकाळी ये. दोष दिव्यात निघाला नाही, तर किल्ली तुझी."

गुरुवारी त्यांनी गाडी अंगणाच्या भिंतीसमोर लावली. दिव्यांवरची पिवळट पडलेली काच घासून आरशासारखी केली. भिंतीवरचा उजेड तेवढाच, आजारी. नवे बल्ब घातले, तरी फरक नाही. बायको दारात खुर्ची टाकून बसली होती, सुया टोचून टोचून काळानिळा झालेला हात मांडीवर घेऊन.

"अहो, भिंतीला काय विचारताय एवढं?"

"तू मीटर धर आणि आकडा वाच. तोंडाला काम मिळेल."

शुक्रवारी दिवस कलल्यावर इंजिन चालू करून बॅटरी मोजली. चौदा व्होल्ट. उत्तम. दिव्याच्या मागे, बल्बच्या दोन टोकांवर मोजलं.

"अकरा," बायको म्हणाली. "वाटेत तीन कोणी खाल्ले?"

मास्तरांच्या अंगात जुना वारा शिरला. येणारी वायर तपासली, तिथं काही हरवत नव्हतं. मग वीज बॅटरीकडे परतते ती वाट. मीटरची एक तार बल्बच्या काळ्या वायरवर, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर. तिथं जवळजवळ शून्य यायला हवं.

"पावणेतीन."

त्यांनी वायरचा सुटा तुकडा घेऊन बल्बची काळी वायर थेट बॅटरीला टेकवली. भिंत पांढरीफेक झाली. विटांच्या सांध्यातली मुंगीसुद्धा दिसली. "बघ. बघ, डोळे म्हणे मंद," मास्तर म्हणाले, आणि काळ्या वायरचा माग काढत हात आत घातला.

दोन्ही दिव्यांची काळी वायर बॅटरीशेजारी गाडीच्या पत्र्यावर एकाच बोल्टानं आवळली होती; वीज त्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परतायची. बोल्ट सोडवला. वायरीच्या टोकाच्या कडीखाली लाल रंग. जाड, गुळगुळीत, दोन हात दिलेला. बोल्टाच्या आट्यांतून वीज कशीबशी झिरपत होती, एवढंच.

रंग त्यांचाच. दोन महिन्यांपूर्वी तिथला पत्रा गंजला, म्हणून त्यांनी स्वतः रंगवला होता. आणि वायर तशीच, न खरवडता, आवळून टाकली होती.

मास्तरांनी नखानं तो रंग खरवडून पाहिला.

"मी पाहिलं होतं तेव्हा," बायको हळूच म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला? खरवडा म्हणून मी सांगायचं?"

त्यांनी कानस काढली. पत्रा चकाकेपर्यंत घासला, कडी घासली, बोल्ट आवळला. मीटरवर शून्याला टेकलेला आकडा आला.

"पोरीला सांगा, बल्ब गेले होते," बायको म्हणाली. "खोटं बोलले म्हणून कोणी फासावर देत नाही."

साडेसहाला मुलगी आली. भिंतीवरचा उजेड बघून तिचा चेहरा सैल झाला. "म्हणजे खरंच दिवेच होते. चुकले मी, बाबा. काय झालं होतं?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, मग मुलीकडे. "मी रंगावर वायर आवळली होती. विसरलो खरवडायला."

"तुम्ही?"

"मी."

मुलीची नजर दिव्यांवरून चाकांवर उतरली. "बाबा, मंगळवारी गाडी उशिरा थांबली, ती नुसत्या दिव्यांमुळे? पुढच्या ब्रेकचं काम कोणी केलं होतं?"

"मीच. पत्रा रंगवला त्याच आठवड्यात."

ते डिकीकडे वळले. "जॅक काढतो. चाक खोलून बघू."

"तुम्ही नका बघू." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो लागला. "उद्या आईला रिक्षानं नेऊ. गाडी मेकॅनिक बघेल."

त्या गाडीला आजवर परक्याचा पाना लागलेला नव्हता. मास्तरांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि बॉनेटवर ठेवली.

"चांगला माणूस बघ," ते म्हणाले. "आणि त्याला सांग, पुढची दोन्ही चाकं मी केलीत. सगळं उघडून बघ म्हणावं."