बाजूची सीट

आखातातल्या मत्रा बंदरात जहाजांतून नव्या गाड्या उतरवणारे एक चाचा होते, रत्नागिरीकडचे. मी तिथेच कारकून होतो. गाडीत बसण्याआधी ते चपला काढून पिशवीत ठेवत आणि यार्डापर्यंतचं थोडंसं अंतर गाडी अनवाणी पायांनी, अगदी सावकाश चालवत. "दुसऱ्याची अमानत आहे," म्हणायचे.

मग मालाची जहाजं सोहार बंदरात न्यायचं ठरलं. तिथल्या कामासाठी चाचांचं वय जास्त भरलं आणि त्यांना गावी परतायला सांगण्यात आलं.

शेवटच्या जहाजातली शेवटची गाडी त्यांनी यार्डात लावली, पण ते उतरेनात. मी चावी घ्यायला गेलो.

"जरा बाजूला बस," ते म्हणाले.

मी बसलो. ते समोर बघत राहिले.

"रोज बायकोला फोनवर सांगायचो, आज लाल गाडी चालवली, आज पांढरी. ती विचारायची, बाजूला कोण बसलं होतं? मी म्हणायचो, कोणी नाही, तुझी जागा आहे."

"मग आता गावी गेल्यावर—"

"मागल्या रमजानात गेली ती."

त्यांनी इंजिन बंद केलं.

"खलास. यल्ला, चल, उतर."

मी उतरलो. माझ्या बसण्याने सीटवरच्या प्लास्टिकला पडलेल्या सुरकुत्या त्यांनी हाताने नीट सपाट केल्या आणि मगच चावी दिली.