लंकाबाईची फुगडी

आमच्या तिसगावकडच्या वाडीत फुगडीचा विषय निघाला की शेजारची छबूबाई अजून माझ्या आईचं, लंकाबाईचं, नाव काढते. नवी सून असताना आईनं एका नागपंचमीला चौघींना दमवलं होतं म्हणे. मी मात्र ती फुगडी कधीच पाहिली नाही. माझ्या लहानपणीची आई लिंबाखाली बसलेली, मांडीवर दुसऱ्यांची पोरं, पायाशी सगळ्यांच्या चपला. इतरांच्या आया घामाघूम होऊन हसायच्या आणि आमची तेवढी राखण करायची. मला फार राग यायचा.

आणखी एक खोड होती तिची. खोकला आला की पायावर पाय घट्ट आवळून उभी राहायची, मगच खोकायची. मी तिची हुबेहूब नक्कल करायचे आणि वडील पोट धरून हसायचे. आईही हसायची, पण बेतानं. त्या नकलेची आज मला लाज वाटते.

यंदा माघात मी माहेरी बाळंत झाले. महिन्याभरानं पाळण्यावर वाकले होते, शिंक आली आणि गाऊन ओला झाला. नकळत मी पायावर पाय आवळून उभी राहिले, अगदी तिच्यासारखी. आई दारातच होती. ती आत गेली आणि धुतलेला गाऊन घेऊन आली.

खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं कळलं. माझा जन्म ऊसतोडीच्या फडावरचा, पाचटाच्या कोपीतला, आणि बाराव्या दिवशी आईनं डोक्यावर उसाची मोळी घेतली होती. तेव्हापासूनचं हे. अठ्ठावीस वर्षं गप्प का राहिलीस म्हणून मी तिच्यावरच चिडले.

"मला वाटलं, समद्या बायांचं आसंच आसतंय," ती म्हणाली. "आन सांगू कुनाला? तुझ्या बापाला?"

तिला ओढतच दवाखान्यात नेलं. सिस्टरनं दोघींना तपासलं. गर्भपिशवी खाली आली नव्हती, ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडले होते. लघवी अडवताना आवळतो तसं आतून आवळायचं, सावकाश पाच मोजायचे आणि सोडायचं. श्वास रोखायचा नाही. दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. एवढ्या वर्षांच्या दुखण्यावर एवढाच इलाज ऐकून मला तिथंच रडू आलं.

मग रोज सकाळी भाकरी थापता थापता आई मोठ्यानं मोजायची आणि दोघी मिळून आवळायचो. मी कंटाळले की दामटायची. चुलीपाशी तिच्याजवळ इतका वेळ मी लहानपणीसुद्धा बसले नव्हते.

पंचमीला छबूबाईनं सवयीनं फुगडीला हाक मारली आणि आई सवयीनं चपलांपाशी बसली. मी बाळाला घेऊन शेजारी टेकले आणि म्हटलं, चपला मी बघते.  मग आई उठली, पदर खोचला आणि छबूबाईचे हात धरले.

बारा फेरे मी मोजले. पुढचे डोळे भरल्यामुळं मोजता आले नाहीत. दोघी थांबल्या तेव्हा आई धापा टाकत, सगळ्या बायांच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "जरा वलं झालं बाई. पर पयल्यावानी न्हाई. सिस्टरनं आवळायला शिकवलंय."

कुणी हसलं नाही. छबूबाईनं आईचे हात अजून सोडले नव्हते. खाली बघत तिनं हळूच विचारलं, "कसं आवळायचं, लंके?"