सॅमन आणि धुरपदाची आई

दोन हजार तीन साली धुरपदा रांजणगावच्या एका कंपनीच्या गेस्ट हाऊसवर स्वयंपाकाला लागली. मुलाखतीला मॅनेजरबाई सुवर्णा मॅडमनी विचारलं, "मासे येतात का करायला?" धुरपदा लगेच म्हणाली, "येत्यात की." माहेर दौंडचं, भीमेच्या काठचं. तिची आई नकुशी सारा जन्म दौंडच्या बाजारात पाटी घेऊन नदीची मासळी विकत आलेली. एवढं मात्र धुरपदानं सांगितलं नाही.

एक दिवस परदेशी पाहुण्यांसाठी मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यात बर्फात घातलेला मासा आला. सॅमन म्हणे. केशरी-गुलाबी मांस बघून धुरपदाला वाटलं, रंगच दिलाय कुणी तरी. एक तुकडा करून बघावा म्हणून तिनं त्याला हळद, चिंच, लाल तिखट चोळलं आणि भरपूर तेलात सोडला. त्याचा पार चुरा झाला, वर पांढरा फेस आला आणि चव सगळी मसाल्याचीच. जेवणाला दोन तास उरले होते.

तेवढ्यात मागच्या दाराशी नकुशी उभी. लेक चार महिने फिरकली नव्हती म्हणून सकाळच्या एसटीनं निघून आली होती. विटलेलं लुगडं, हातात पिशवी. लेकीचा चेहरा बघून ती थेट ओट्याशी गेली. कढईतला चुरा बघितला, मग उरलेल्या माशाचा कच्चा तुकडा हातात घेतला, नाकाशी नेला, बोटानं दाबला.

"चिच कशाला घातली गं? नदीच्या माशाला चिखलाचा वास असतुया म्हनून चिच. ह्याला वासच न्हाई. आन् तेल तर ह्येच्या अंगातच हाय."

मग तिनं मीठ लावून तुकडे जरा वेळ ठेवले, पुसले. लसूण आणि कोथिंबिरीचे देठ जाडसर ठेचले, लिंबू पिळलं. मागच्या अंगणातलं केळीचं पान कापून शेकलं, त्यात एकेक तुकडा गुंडाळून मंद तव्यावर ठेवला. वर झाकण. पानाला काळे डाग पडले तशी म्हणाली, "बास, उतरव. आतल्या वाफंवर व्हतंय आता."

पाहुण्यांनी पानं उघडली आणि मासा बघता बघता संपवला. सुवर्णा मॅडम खूश होऊन थेट स्वयंपाकघरात आल्या.

"धुरपदाबाई, कुठं शिकलात हो हे?" मग त्यांची नजर कोपऱ्यात बसलेल्या नकुशीवर गेली. "आणि या कोण?"

"शेजारची बाई हाय," धुरपदा म्हणाली. "भांडी घासायला बोलावलीय."

शब्द तोंडातून गेले आणि तिचं तिलाच ऐकू आलं. मॅडम गेल्या. नकुशी उठली, पदर खोचला आणि खरोखरच भांडी घासायला बसली. धुरपदा म्हणाली, "आये, राहू दे." आईनं मान वर केली नाही. तवा, पातेली, सगळं लख्ख केलं आणि चारच्या गाडीला निघाली. स्टँडपर्यंत धुरपदा सोबत गेली.

पंधरा दिवस तिला घास गोड लागला नाही. कुणी जेवणाची तारीफ केली की कानशिलं तापायची. शेवटी सुट्टी काढून ती दौंडला गेली. बाजारात आईच्या पाटीशेजारी बसली आणि म्हणाली, "आये, चुकले मी. चल माझ्याकडं, ऱ्हा चार दिस."

नकुशी कात्रीनं चिलापी माशांचे पर कापत होती. "आन् तिथं कोन म्हनून यिऊ?" तिनं विचारलं. रागानं नाही, अगदी सहज. धुरपदा संध्याकाळच्या गाडीनं एकटीच परतली.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना खरं सांगितलं. ती बाई माझी आई होती, मासा तिनंच केला. बोलणी खायची तयारी ठेवूनच ती उभी होती. मॅडम नुसत्या म्हणाल्या, "अगं बाई, मग तेव्हाच सांगायचं नाही का? आणा त्यांना, मलाही शिकू द्या." एवढ्याशा गोष्टीसाठी आपण आईला परकं केलं, या विचारानं तिला जास्तच लाज वाटली.

निरोप दिला तरी नकुशी आली नाही. दौंडहून कंपनीत येणाऱ्या खंडूच्या हाती तिनं कोवळ्या हळदीच्या पानांची एक जुडी पाठवली आणि तोंडी सांगावा धाडला: केळीपरीस ह्या पानात चांगला व्हईल.