शेडवर पत्रे चढले त्या दिवशीचं जेवण

माझ्या भावाबद्दल कोणी चांगलं बोललं की आजही माझं डोकं तडकतं. शहाद्यात तो सगळ्यांच्या उपयोगी पडणारा माणूस म्हणून ओळखला जातो. कोणाच्या लग्नात मांडव कमी पडू दे, कोणाला दवाखान्यात न्यायचं असू दे, हा हजर. मी स्वतः वर्षानुवर्षं त्याचं कौतुक करत फिरले. मोलगीकडच्या ज्या पाड्यावर मी शाळेत शिकवते, तिथल्या बायकांनाही मी त्याच्याबद्दल एवढं सांगून ठेवलं होतं की त्याला बघायच्या आधीच त्या त्याला ओळखत होत्या.

पाड्यावर आंब्याची झाडं भरपूर. शेत एकाचं आणि त्यातलं झाड दुसऱ्याचं, आज्या-पणज्यापासून ठरलेलं, आणि त्यावरून कधी भांडण नाही. कैऱ्या धरल्या की बाया त्या सोलतात, चिरतात आणि फोडी खडकावर वाळत घालतात. तेच आमचूर. फोडी पांढऱ्या राहिल्या तर भाव मिळतो. धूळ बसली किंवा एखादी अवकाळी सर आली की फोडी काळ्या पडतात, आणि मग मोलगीच्या बाजारात व्यापारी नाक मुरडून म्हणेल तो भाव. घरात ठेवावं तर जागा नाही, म्हणून वाळलं की लगेच विकायचं. पावसाळा कसाबसा निघायचा आणि दिवाळी झाली की अख्खी घरं कुलूप लावून गुजरातेत ऊसतोडीला. माझ्या वर्गातले बाक तेव्हा ओस पडायचे.

शेड बांधायची हे बायकांच्याच डोक्यातून निघालं. बचत गटात बसल्या बसल्या एक म्हणाली की डोक्यावर छप्पर आणि खाली स्वच्छ जमीन असेल तर आमचूर पांढरं राहील आणि भाव चढेपर्यंत ठेवताही येईल. एक हंगाम जरी नीट साधला तरी ऊसतोडीला जायची गरज पडणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. मला तो पटला. मी फक्त एवढंच केलं की जागेसाठी ग्रामपंचायतीकडे त्यांच्याबरोबर गेले. पत्रे गटाने चारोळी विकून आणले. बाकी सगळं लाहवर.

लाह म्हणजे काय, ते सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच घडलं. इकडे कोणाचं घर बांधायचं असलं, शेत नांगरायचं असलं, की तो पाड्याला हाक देतो. घराघरातून माणसं येतात, राबतात, मजुरीचं नावही कोणी काढत नाही. ज्याचं काम तो सगळ्यांना जेवू घालतो. आणि उद्या दुसऱ्याने हाक दिली की त्याने निमूट जायचं. कागद नाही, सही नाही. ज्या हाताने जेवण वाढलं त्याचं काम, एवढंच. म्हणूनच शेडच्या वेळी बायकांनी ठरवलं होतं की प्रत्येक घरातून ओंजळ ओंजळ पीठ आणि डाळ आणायची आणि एकाच भांड्यात रांधायची. म्हणजे शेड कोणा एकाची नाही, सगळ्यांची.

आता खरं दुखणं सांगते. दिवाळीत मी माहेरी गेले होते. आमचं गाव शहाद्याकडचं, कापूस आणि उसाचं. भाऊबीजेला जेवताना भाऊ विचारायला लागला की तुझ्या डोंगरात काय चाललंय. मी भारावून सगळं सांगितलं, शेडचं, लाहचं, ओंजळभर पिठाचं. मी म्हटलं, बघ, आपल्याकडे बांधाच्या वीतभर जमिनीवरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, आणि ही माणसं जेवणावर मालकी ठरवतात. तो हसला. पुन्हा पुन्हा विचारत राहिला, म्हणजे जो वाढेल त्याचं? नक्की? नंतर कोणी तक्रार नाही करत? मला वाटलं, माझ्या कामात रस घेतोय. अगं बाई, काय रस घेतोय! केसानं गळा कापायची तयारी चालली होती आणि मी त्याच्या ताटात अजून एक करंजी वाढत होते.

होळीनंतर भिंती झाल्या, खांब उभे राहिले. पत्रे चढायच्या दिवशी सकाळी त्याचा टेम्पो चढ चढून वर आला. मागे आचारी, मोठी पातेली, गव्हाचं पीठ, तुपाचा डबा. म्हणाला, ताई, तुझ्या माणसांना एक दिवस वरण-बट्टी खाऊ घालायची माझी इच्छा आहे. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. आपला भाऊ एवढ्या लांब, स्वतःहून! बायकांचं पीठ-डाळ आलेलं होतं, चुलीसाठी दगडही मांडलेले होते. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पण दारी आलेल्या माणसाने रांधलं तर त्याला नाही म्हणायचं, हे त्यांच्यात बसत नाही. त्यांनी आपली गाठोडी बाजूला ठेवली.

दुपारी पंगत बसली. आचारी वाढायला निघाला तर भावाने त्याच्या हातून वरणाचं भांडं काढून घेतलं आणि स्वतः ओळीने वाढत गेला. पाड्यावरची सगळ्यात वयस्क बाई, जिला सगळे आजी म्हणतात, ती ताटावर हात आडवा धरून थांबली. तिने त्याला शांतपणे विचारलं, "हे जेवण कोणाचं?"

"मन्हं शे," तो म्हणाला. "पोटभर जेवा."

आजीने हात काढला. सगळे जेवले. मी बाजूला उभी राहून मोबाईलवर फोटो काढत होते.

कैऱ्या धरल्या तेव्हा एक दिवस शाळा सुटल्यावर शेडकडे गेले, तर दाराला नवंकोरं कुलूप. आत वजनकाटा लावलेला, कोपऱ्यात प्लास्टिकच्या क्रेटची चळत. भावाने ठेवलेला एक माणूस बाहेर खुर्ची टाकून बसला होता. त्याने मलाच समजावून सांगितलं की शेठ आता इथेच कैरी विकत घेणार, बायांनी सोलत बसायची गरज नाही, आणि ज्यांना सोलायचंच आहे त्यांना रोजावर ठेवू. आपल्याच हाताने बांधलेल्या शेडमध्ये रोजंदारीने!

भावाला फोन लावला. आधी गोडीत बोलला, मग म्हणाला की तुला व्यवहार कळत नाही, त्या बायकांना चार पैसे रोख मिळतील, शेड रिकामी पडून काय उपयोग होता. मी ओरडले की ती शेड तुझी नाही. त्यावर तो म्हणाला, त्यांना विचार. आणि फोन बंद केला.

मी विचारलं. ग्रामसेवकालाही घेऊन गेले, म्हटलं सरकारी माणसासमोर तरी होऊ दे. त्याने बायकांना सरळ विचारलं, शेड कोणाची? मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आजी म्हणाली, "त्याची. आम्ही त्याचं जेवलो." बाकीच्या बायांनी माना हलवल्या. ग्रामसेवकाने माझ्याकडे बघितलं, वही मिटली आणि गाडीला किक मारली. मला त्या बायकांचाही असा राग आला की काय सांगू. अगं, पत्रे तुमचे, भिंती तुमच्या, घाम तुमचा, एका बट्टीपायी सगळं देऊन टाकता? मी तसं बोललेसुद्धा. आजी रागावली नाही. म्हणाली, बाई, आज आम्ही हे मोडलं तर उद्या माझ्या घराला लाह कोण करेल?

तिचं म्हणणं असं होतं की खोट त्याच्यात आहे, नियमात नाही. जेवू घालणाऱ्याला काम मिळतं हे खरं, पण दुसऱ्याने हाक दिली की त्यालाही यावं लागतं. भावाने नियमाचा सोयीचा तेवढा भाग उचलला. आजीच्या शेजारणीच्या घराची भिंत खचली होती, तिने त्याच्या माणसाकरवी त्याला हाकही पाठवली होती. तो कुठला येतोय!

मग बायकांनीच एक वाट काढली. जेवण जेवणानेच फिटतं, असं जुनी माणसं सांगायची म्हणे. ज्याचं खाल्लं त्याला सगळ्यांनी मिळून रांधून वाढायचं. तो जेवला की काम परत आपलं. असं पूर्वी कधी झालं होतं का, ते कोणालाच नीट आठवत नव्हतं, पण सगळ्यांचे चेहरे उजळले. भाऊ आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मला माहेरी न्यायला येणार होता. इतकं करूनही न्यायला येणार होता, एवढा निर्ढावलेला. मी नाही म्हणणार होते, पण बायका म्हणाल्या, येऊ दे, आम्ही रांधतो.

आखाजीच्या आदल्या दिवशी त्यांनी रांधलं. तो मांसमच्छी खात नाही हे त्यांना माझ्याकडून माहीत होतं, म्हणून नवं मडकं आणलं. उडदाची डाळ, ज्वारीच्या भाकरी, भात, गुळाचा शिरा. घराघरातून ओंजळ ओंजळ आणलेलं. शेडच्या ओट्यावर गोधडी अंथरून त्याच्यासाठी ताट मांडलं. तो टेम्पोतून उतरला, ताट बघितलं, बायका बघितल्या, माझ्याकडे बघितलं. त्याच क्षणी त्याला सगळं कळलं, हे मी त्याच्या तोंडावर वाचलं. लहानपणापासून ओळखते मी ते तोंड.

त्याने हात जोडले. आजीला वाकून नमस्कार केला. आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "आज माले उपास शे, माय."

आजी म्हणाली, बरं. बायकांनी ताट झाकलं. कोणी एक शब्द वावगा बोललं नाही. त्याने क्रेट भरून घेतले आणि मला म्हणाला, चल ताई, बस. मी म्हटलं, तू जा. मी त्याच्या टेम्पोत बसले नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. तिला बिचारीला यातलं काही माहीत नाही. म्हणाली, "भाऊ उना, गरमागरम सांजोऱ्या पोटभर खाध्यात नि जपी गया. तू का बर उनी नही?" उपासाचा माणूस घरी पोटभर सांजोऱ्या खाऊन झोपलाही होता. मी म्हटलं, शाळेचं काम निघालं. मग फोन ठेवून चुलीपाशी बसून राहिले. जेवणं शक्य नव्हतं.

सकाळी आजी दारात आली. तिच्या हातात सुरी होती, खडकावर कैऱ्या चिरायला निघाली होती. आभाळ भरून आलं होतं. तिने विचारलं, तुझ्या भावाचा उपास आज सुटला असेल ना? सुटला असेल तर त्याला बोलव, आम्ही परत रांधतो. तिला खरंच वाटत होतं की त्याचा उपास होता. अख्ख्या पाड्याला वाटत होतं.

मी म्हटलं, आजी, त्याचा उपास नव्हता. तो तुमच्याकडे कधीच जेवणार नाही.

तिला ते समजायला वेळ लागला. मग तिने हळू आवाजात विचारलं, "असा माणूस कोणाच्या घरचा असतो, बाई?"

माझ्याच, असं तिला सांगावं लागलं.